नाम की गणना? : १६ फेब्रुवारी २००९ च्या जालव्यत्ययाचे एक वाचन

आकडा लिहिला की त्याने काहीतरी मोजलेच पाहिजे, असे नाही. बसथांब्यावर उभा असलेला मराठी माणूस 'सहासष्ट आली' असे म्हणतो तेव्हा तो आकडा एका गाडीचे नाव असतो. 'सहासष्ट आल्या' असे म्हटले तर तोच आकडा गाड्यांची मोजदाद करतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, याचे श्रेय आकड्याला नसून क्रियापदाच्या प्रत्ययाला आहे. आकडा दोन्ही वाक्यांत अक्षरशः एकच असतो. त्याचे पद कोणते, हे वाक्यातील इतर शब्दांनी सांगावयाचे असते. संगणकांना जोडणाऱ्या यंत्रांना ज्या भाषांतून आज्ञा दिल्या जातात, त्या भाषांत प्रत्यय नाहीत, लिंगवचन नाही आणि पदांचा परस्परांशी मेळही नाही. तेथे आकड्याचे पद केवळ त्याच्या स्थानावरून ठरते, आणि ते स्थान कशाचे हे आज्ञा देणाऱ्याच्या स्मरणावर सोडलेले असते. हे स्मरण एका ठिकाणी चुकले आणि त्यामुळे इंटरनेटवरील अनेक यंत्रांची परस्परसंभाषणे सुमारे तासभर तुटत राहिली, त्या १६ फेब्रुवारी २००९ च्या घटनेचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

इंटरनेटवरील पत्त्यांची व्यवस्था टप्प्याटप्प्याने सिद्ध झाली. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या आश्रयाने १९६९ मध्ये अर्पानेट हे जाल चार केंद्रांनिशी सुरू झाले. त्यातील पत्ता आरंभी आठ द्विमान अंकांचा होता : सहा अंक केंद्राचे आणि दोन अंक त्या केंद्राला जोडलेल्या संगणकाचे. एका केंद्राला चारांहून अधिक संगणक जोडावे लागतील, ही गोष्ट त्या काळी कोणाला निकडीची वाटली नसावी. पुढे सप्टेंबर १९८१ च्या नियमपत्राने बत्तीस द्विमान अंकांचा पत्ता निश्चित केला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने तो व्यवहारात आणला. बत्तीस अंकांत ४ अब्ज २९ कोटींहून अधिक पत्ते मावतात. इतक्या पत्त्यांची वाट एकेक करून स्मरणात ठेवणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे सलग पत्त्यांचे पट्टे करावयाचे आणि वाट सांगावयाची ती सबंध पट्ट्याची, असा प्रघात पडला.

वाटा सांगण्याच्या या व्यवहारात केवढा धोका दडला आहे, याची पहिली ठळक जाणीव २७ ऑक्टोबर १९८० रोजी झाली. त्या दिवशी अर्पानेट कित्येक तास निरुपयोगी झाले होते. त्याचा तपास करणारे एरिक रोझेन यांनी जुलै १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले निवेदन आजही वाचण्याजोगे आहे. प्रत्येक केंद्र आपल्या तारांची स्थिती इतरांना कळवीत असे, आणि जुना संदेश कोणता व नवा कोणता हे समजावे म्हणून प्रत्येक संदेशावर सहा द्विमान अंकांचा अनुक्रमांक असे. अनुक्रमांक ६३ वर संपून पुन्हा शून्यापासून सुरू होई. म्हणून दोहोंपैकी 'पुढचा' कोणता, हे घड्याळाच्या तबकडीवर ठरवावे तसे वर्तुळावरील अंतरावरून ठरविले जाई. यंत्रातील दोषामुळे संदेशातील काही द्विमान अंक गळाले आणि एकाच केंद्राच्या नावाचे ८, ४० व ४४ अशा अनुक्रमांकांचे तीन संदेश जालात फिरू लागले. वर्तुळाच्या नियमाने ४० हा ८ च्या पुढचा, ४४ हा ४० च्या पुढचा, आणि ८ हा पुन्हा ४४ च्या पुढचा ठरत होता. तिन्ही संदेश एकमेकांहून नवे! प्रत्येक यंत्र ते प्रामाणिकपणे स्वीकारी, पुढे पाठवी, आणि ह्या अखंड फेऱ्यात त्याची सारी शक्ती संपे. ज्या केंद्राच्या नावे हे संदेश फिरत होते त्या ५० व्या केंद्राच्या संदेशांकडे दुर्लक्ष करावे, अशी दुरुस्ती जालातील यंत्रांच्या आज्ञावलीत करावी लागली, तेव्हा हा फेरा थांबला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, कोणत्याही यंत्राने नियम मोडला नव्हता. ऐकलेले खरे मानून पुढे सांगणे, हाच नियम होता.

याच रोझेन यांनी ऑक्टोबर १९८२ मध्ये 'स्वायत्त जाल' ही कल्पना मांडली. सबंध इंटरनेट एकाच व्यवस्थापनाखाली चालावे हे अशक्य आहे. तेव्हा प्रत्येक संस्थेने आपल्या हद्दीत आपले नियम चालवावेत आणि हद्दीवर शेजाऱ्याशी एका ठरावीक भाषेत बोलावे, असे तिचे स्वरूप होते. प्रत्येक स्वायत्त जालाला एक क्रमांक मिळे. हा क्रमांक सोळा द्विमान अंकांचा होता, म्हणजे ६५,५३६ जालांना पुरेल इतका. पुढे १९८९ च्या जानेवारीत टेक्सासमधील ऑस्टिन येथे भरलेल्या अभियंत्यांच्या बैठकीत कर्क लॉगीड आणि याकोव्ह रेक्टर यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी हात पुसावयाच्या कागदांवर हद्दीवरील नव्या भाषेचा आराखडा काढला. त्याच वर्षी जूनमध्ये तो प्रसिद्ध झाला. सीमाद्वारनियम, ज्याला व्यवहारात बीजीपी म्हणतात, तो हाच. तात्पुरती सोय म्हणून जन्मलेल्या या नियमावर आजही सारे इंटरनेट चालते. तात्पुरत्या वस्तू दीर्घायुषी असतात, हे सरकारी इमारतींपुरतेच खरे नाही.

या भाषेतील मुख्य वाक्य साधे आहे. 'अमुक पत्त्यांच्या पट्ट्याकडे माझ्यामार्फत जाता येते. वाटेत ही ही जाले लागतात,' असे एक राउटर दुसऱ्याला सांगतो. वाटेतील जालांच्या क्रमांकांची ही यादी म्हणजे मार्गावली. निरोप पुढे सांगताना प्रत्येक जाल आपला क्रमांक यादीच्या आरंभी जोडते. यादीत स्वतःचाच क्रमांक आढळला तर निरोप फिरून आपल्याकडेच आला आहे हे राउटरला कळते आणि तो निरोप टाकून देतो. १९८० च्या फेऱ्याला हे उत्तम उत्तर होते. शिवाय एकाच पट्ट्याकडे जाणाऱ्या दोन वाटा कळल्या आणि इतर सारे समान असले, तर ज्या वाटेची मार्गावली आखूड ती पत्करावयाची, असा संकेत आहे.

या संकेतातूनच एक युक्ती निघाली. एखाद्या लहान सेवापुरवठादाराकडे दोन तारा असतात. एक नित्याची आणि दुसरी अडीअडचणीची. दुसरीवरून एरव्ही वाहतूक येऊ नये, अशी त्याची इच्छा असते. परंतु बाहेरच्या जगाने कोणत्या वाटेने यावे, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून तो दुसऱ्या वाटेवर आपलाच क्रमांक दोन-तीन वेळा लिहून ती यादी लांबवितो. वाट लांबत नाही. तिचे वर्णन लांबते. सभेत बोलावयाचे नसलेल्या वक्त्याने आपले नाव यादीत शेवटी ढकलून घ्यावे तसलाच हा प्रकार होय. यात अप्रामाणिक काही नाही, आणि ही युक्ती जगभर रूढ आहे. मात्र या युक्तीत भाषेच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडते : जो क्रमांक केवळ नाव म्हणून योजलेला होता, त्याची आता संख्येने आवृत्ती होऊ लागते. नाव आणि गणना ही दोन्ही एकाच आज्ञेत येऊन बसतात.

आता ही आज्ञा द्यावयाची कशी? येथे राउटरांच्या दोन बोलींत भेद आहे. अमेरिकेतील सिस्को या कंपनीच्या बोलीत 'पुढे जोड' या अर्थाच्या शब्दानंतर आपला जालक्रमांक जितक्यांदा हवा तितक्यांदा लिहावयाचा असतो. तीनदा जोडावयाचा असेल तर तीनदा लिहा. लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीच्या स्वस्त व म्हणून लहान पुरवठादारांत लोकप्रिय असलेल्या राउटरांच्या बोलीत त्याच शब्दानंतर क्रमांक लिहावयाचा नसून किती वेळा जोडावयाचा ती संख्या लिहावयाची असते. क्रमांक यंत्राला आधीच ठाऊक असतो. शब्द तोच, कार्य तेच, आणि आज्ञेनंतर येते तोही आकडाच. पहिल्या बोलीत तो आकडा विशेषनाम आहे, दुसऱ्या बोलीत आवृत्तिवाचक संख्याविशेषण. एका भाषेत मुरलेला माणूस शेजारच्या भाषेत गेला की त्याला अनोळखी शब्द फसवीत नाहीत. तेथे तो सावध असतो. फसवितात ते ओळखीचे शब्द. मराठीत शिकविणे म्हणजे 'शिक्षा' नव्हे, हे नव्याने मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाला कोणी तरी सांगावे लागते, तसेच हे आहे.

झेक प्रजासत्ताकातील सुप्रो या लहान पुरवठादाराचा स्वायत्त जालक्रमांक ४७८६८ हा होता. १६ फेब्रुवारी २००९ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारचे साडेचार वाजण्याच्या सुमारास, त्याच्याकडील २,०४८ पत्त्यांच्या एका पट्ट्याची मार्गावली जगभर पसरू लागली. तिच्यात ४७८६८ हा क्रमांक लागोपाठ २५२ वेळा आला होता. एरव्ही इंटरनेटवरील मार्गावलीत चार-पाच क्रमांक असतात.

२५२ च का? एखाद्याने मुद्दाम लांबट मार्गावली करावयाची ठरविली असती तर त्याने दहा, फार तर वीस अशी संख्या घेतली असती. अमेरिकेतील रेनेसिस या निरीक्षणसंस्थेच्या विश्लेषकांनी या आकड्याचा पाठपुरावा केला तेव्हा उत्तर साध्या भागाकारात सापडले. ४७८६८ ला २५६ ने भागले असता भागाकार १८६ येतो आणि बाकी उरते ती नेमकी २५२. आवृत्तीच्या संख्येसाठी मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ द्विमान अंकांची जागा होती; तिच्यात शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे मावतात. सोळा अंकांचा आकडा तेथे घातला तेव्हा यंत्राने तक्रार केली नाही. डावीकडचे आठ अंक गळून गेले व उजवीकडचे आठ उरले. म्हणजे चालकाने सिस्कोच्या सवयीने आपले नाव लिहिले. यंत्राने ती गणना समजली. आणि ती गणना न पेलल्यामुळे तिची बाकी तेवढी राखली. हे अनुमान आहे, साक्षीदाराची जबानी नव्हे. परंतु केवळ योगायोगाने हीच बाकी जुळण्याचा संभव २५६ त एक इतकाच आहे. पाठचिकित्सेत एवढ्या पुराव्यावर पाठ निश्चित केले जातात.

याच तपासातून आणखी एक गोष्ट दिसते. त्या पुरवठादाराचा क्रमांक ४७८७२ असता तर बाकी शून्य आली असती, काहीही जोडले गेले नसते, आणि चालकाने फार तर आपली युक्ती का चालत नाही म्हणून डोके खाजविले असते. बाकी दहा आली असती तर कोणाच्या लक्षातही आले नसते. ही चूक इतरत्रही होत असण्याचा संभव आहे. इतिहासात तिची नोंद झाली ती बाकी मोठी उरली म्हणून.

मोठी बाकी उरल्याने बिघडले काय, हे समजून घेण्यासाठी मार्गावली कागदावर कशी उतरते ते पाहावे लागते. जानेवारी २००६ च्या नियमपत्राप्रमाणे मार्गावली खंडांत विभागलेली असते आणि प्रत्येक खंडाच्या आरंभी त्यातील क्रमांकांची संख्या एका अष्टकात, म्हणजे पुन्हा आठ द्विमान अंकांत, लिहिलेली असते. एका खंडात २५५ च क्रमांक मावतात. त्याहून अधिक झाले तर नवा खंड सुरू करावा, असे त्याच नियमपत्रात सांगितले आहे. नियमात वाट होती; पण तीवर पाऊल टाकण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. ज्या वाटेने वर्षानुवर्षे कोणी जात नाही तिच्यावरचा पूल शाबूत आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. सिस्कोच्या राउटरांतील काही आवृत्त्यांत तो पूल मोडका होता. स्लोव्हेनियातील जालतज्ज्ञ इव्हान पेपेल्न्याक यांनी हा प्रकार प्रयोगात पुन्हा घडवून पाहिला. राउटरला २५५ च्या जवळपासची मार्गावली मिळाली आणि पुढे पाठविताना आपले क्रमांक जोडून त्याने ती मर्यादा ओलांडली, की त्याच्याकडून सदोष रचनेचा निरोप बाहेर पडे.

यामुळे दोषाचे स्थान आणि लक्षणाचे स्थान यांत मोठे अंतर पडले. झेक पुरवठादाराने पाठविलेली २५२ आवृत्त्यांची मार्गावली अवाजवी असली तरी नियमाने शुद्ध होती. त्याच्या शेजाऱ्याने ती स्वीकारली, आपला क्रमांक जोडला, पुढे दिली. तीही शुद्धच होती. आणखी काही हद्दी ओलांडून, कोठे तरी दूर, यादी २५५ च्या पुढे सरकली आणि तेथे निरोप बिघडला. ज्याने चूक केली त्याचे यंत्र सुरळीत चालले होते. ज्याने निरोप बिघडविला त्याचेही चालले होते. बंद पडत होते ते तिसऱ्याचे संभाषण, ज्याचा दोष एवढाच की त्याने आलेला निरोप लक्षपूर्वक वाचला.

कारण सदोष निरोपाचे काय करावयाचे, याविषयीचा नियम कठोर होता. निरोपाची रचना चुकली की शेजाऱ्याला चुकीचा सांकेतिक क्रमांक कळवावयाचा, आणि संभाषण तोडावयाचे. नुसते तोडावयाचे असे नव्हे. त्या शेजाऱ्याने आजवर सांगितलेल्या सर्व वाटा विसरून जावयाच्या. २००९ च्या आरंभी इंटरनेटवर अडीच लाखांहून अधिक पट्ट्यांच्या वाटा नोंदलेल्या होत्या. एका पट्ट्याविषयीचे एक वाक्य बिघडले म्हणून उरलेल्या लाखो निर्दोष वाक्यांवरही पाणी सोडावयाचे! संभाषण पुन्हा सुरू झाले की शेजारी साऱ्या वाटा नव्याने सांगू लागे, त्यात तेच बिघडलेले वाक्य पुन्हा येई, आणि संभाषण पुन्हा तुटे. व्याकरणातील एका चुकीसाठी गृहस्थाला दाराबाहेर काढावे आणि त्याने पुन्हा दार ठोठावून तेच वाक्य म्हणावे, असा हा क्रम चाले. ज्या राउटरांवर हे ओझे पडले त्यांच्या वाटा सतत नाहीशा होत व परत येत राहिल्या, आणि तो अस्थिरपणा त्यांच्या शेजाऱ्यांच्याही नोंदवह्यांत उमटला.

दोष शोधणाऱ्या अभियंत्यासमोर त्या वेळी एवढेच दिसत होते की शेजाऱ्याशी संभाषण तुटले आहे आणि कारण म्हणून ३ व ११ असे दोन आकडे नोंदले गेले आहेत. या आकड्यांचा अर्थ 'निरोपात चूक. मार्गावली सदोष' असा आहे. हे दोन आकडे मात्र शुद्ध नावे आहेत. त्यांनी काहीही मोजलेले नाही. कोणता निरोप, कोणत्या पट्ट्याचा, मुळात कोठून निघालेला, हे त्यावरून सहजी कळत नाही. अशा वेळी पहिला संशय स्वाभाविकपणे शेजाऱ्यावर जातो, त्यानंतर आपल्याच यंत्रावर. आपली तार, आपले सॉफ्टवेअर, आपण काल केलेला बदल, यांची तपासणी करण्यात वेळ जातो. आणि मूळ कारण तर चार हद्दींपलीकडे असते. निरनिराळ्या देशांतील चालकांनी आपापल्या नोंदी परस्परांना कळविल्या, तेव्हाच सर्वांच्या नोंदींत ४७८६८ हा एकच क्रमांक पुन्हा पुन्हा दिसत आहे, हे ध्यानात आले. एकाच पोथीच्या प्रतीत ओळ बिघडलेली असेल तर दोष लेखनिकाचा म्हणता येतो. दूरदूरच्या प्रतींत तीच ओळ बिघडलेली आढळली की मूळ आदर्श प्रतीकडे जावे लागते. अभियंत्यांनी त्या दिवशी जे केले ते पद्धतीच्या दृष्टीने याहून निराळे नव्हते.

तात्पुरता उपायही लगोलग उपलब्ध होता. अमुक लांबीहून मोठी मार्गावली आली तर ती स्वीकारूच नये, अशी एक आज्ञा सिस्कोच्या बोलीत आधीपासूनच होती. ज्यांनी ती योजून ठेवली होती त्यांच्या राउटरांपाशी हा निरोप येऊन थांबला. ती योजावी असे पुष्कळांना पूर्वी वाटले नव्हते, याचे नवल नाही. कोणी आपल्या घराचा पत्ता अडीचशे वेळा लिहून पाठवील, यासाठी टपालखातेही नियम करीत नाही.

घटनेनंतर बोलताना झेक पुरवठादाराचे नाव दोषी म्हणून सर्रास घेतले गेले. हा न्याय एकांगी होता. चालकाची चूक ही अर्थाची चूक होती. ती माणसाकडून होणारच, विशेषतः जेथे दोन बोली एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. सोळा अंकांचा आकडा आठ अंकांच्या जागेत निमूटपणे कोंबणारे सॉफ्टवेअर लिहिणे, ही त्याहून गंभीर चूक म्हटली पाहिजे, कारण 'ही संख्या मोठी आहे' एवढे एक वाक्य यंत्राने उलट म्हटले असते तर पुढचे काहीच घडले नसते. सिस्कोच्या सॉफ्टवेअरमधील दोष नियमपत्राच्या विरुद्ध होता. परंतु एका ठिकाणची चूक जगभर पसरली, ती चूक भेटताच संभाषण तोडणाऱ्या नियमामुळे. आणि तो नियम कोणाच्या हयगयीतून आलेला नव्हता. चुकीचे बोलणाऱ्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्याच्याशी बोलणेच बंद करावे, ही सावधगिरी त्यामागे होती. मात्र ही सावधगिरी असे गृहीत धरीत होती की जो चुकीचे वाक्य सांगतो तोच त्या वाक्याचा कर्ता असतो. सांगोवांगी चालणाऱ्या व्यवहारात हे गृहीत टिकत नाही.

हे गृहीत सोडून देण्यास आणखी एक प्रसंग कारण झाला. २७ ऑगस्ट २०१० रोजी युरोपातील पत्तेवाटप पाहणारी आम्स्टरडॅम येथील राइप ही संस्था आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांनी एका संशोधनासाठी नियमाने पूर्णतः शुद्ध, पण अनोळखी गुणधर्म असलेला एक निरोप इंटरनेटवर सोडला. सिस्कोच्या काही मोठ्या राउटरांनी तो पुढे पाठविताना बिघडविला, आणि पुन्हा तिसऱ्याच राउटरांची संभाषणे तुटली. प्रयोग थोड्याच वेळात थांबविण्यात आला. या वेळी दोष देण्यास मूळ स्थानी कोणी चुकलेला चालकही नव्हता. आरंभीचे वाक्य निर्दोष होते.

ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६०६ व्या नियमपत्राने अखेरीस जुना नियम बदलला. मार्गावली सदोष आढळली, पण निरोप कोणत्या पट्ट्याविषयी आहे एवढे वाचता येत असले, तर संभाषण तोडू नये. त्या एका पट्ट्याची वाट मागे घेतली आहे असे समजावे आणि बाकीच्या साऱ्या वाटा जशाच्या तशा ठेवाव्यात, असे आता ठरले. वाक्याचा विषय कळत असेल तर विधान नाकारावे, वक्त्याला नाकारू नये, असा याचा अर्थ होतो. पट्टाच वाचता येत नसेल तर मात्र जुना दंड कायम आहे : संभाषण तोडावयाचे आणि सारे विसरावयाचे.